माणूस ठेवण्याआधी काम लिहून काढा



होळी झाली की आपल्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. कांडपावर मिरची यायला लागते, पापड-कुरडयांच्या ऑर्डरी सुरू होतात, त्यात घरोघरी लग्नसराई. मग कोणीतरी म्हणतं, "आता एक माणूस ठेवूया बाई, आपल्याच्यानं होत नाही." सगळ्या माना डोलावतात. त्याच बैठकीत नावही निघतं. कोणाचा तरी भाचा, कोणाची तरी जाऊ. पाच मिनिटांत विषय संपतो आणि पुढचा विषय कर्जाच्या हप्त्याचा.

यंत्र घेताना आपण असं करत नाही. तीन दुकानांतून कोटेशन आणतो, दुसऱ्या गावच्या गटाकडे जाऊन यंत्र चालतं कसं ते बघतो, मोटर किती एचपीची ते विचारतो. माणसाला मात्र वर्षभरात यंत्राच्या किमतीएवढा पगार जाऊ शकतो, आणि त्याच्याबद्दल आपण एवढंच विचारतो, "चांगल्या घरचा आहे ना?"

फिरतीवर असताना बरेच व्यवसाय बघायला मिळतात. माणूस ठेवून फसलेले गट भेटतात तेव्हा बहुतेक वेळा सगळा दोष त्या माणसावर ढकललेला असतो. आळशी होता, लबाड होता, अर्ध्यात सोडून गेली. असेलही तसं. पण थोडं खोलात विचारलं की कळतं, तिला नेमकं काय काम करायचं होतं हे गटालाच ठरवता आलं नव्हतं. म्हणून हा लेख. उदाहरण सगळीकडे मिरची कांडपाचं घेतलंय, कारण ते बहुतेकींना माहिती आहे. तुमचा धंदा शिवणाचा असो की डाळमिलचा, हिशोब तसाच लावता येईल.

खरंच माणूस हवा आहे का?

सगळ्यात आधी पंधरा दिवस एक वही ठेवा. कोणती ताई किती वाजता आली, काय केलं, किती वाजता गेली, एवढंच लिहायचं. बऱ्याचदा या वहीतून वेगळंच काही बाहेर येतं. दहा जणींच्या गटात काम तिघीच करतात आणि "होत नाही" असं त्या तिघीच म्हणतात. बाकीच्या सातजणी बैठकीला येतात, बचत भरतात, नफ्याच्या वाटणीला हजर असतात. अशा वेळी बाहेरचा माणूस ठेवला तर त्या तिघींचा भार कमी होतो खरा, पण त्याचा पगार सगळ्या गटाच्या नफ्यातून जातो आणि आतली कुरबुर तशीच राहते. तिथे आधी बोलायला हवं ते आपापसात. ज्या काम करतात त्यांना कामाचा वेगळा मोबदला ठरवा, नफ्याची वाटणी वेगळी ठेवा. हे केल्यावर चौथी-पाचवी ताई आपणहून पुढे येते असा अनुभव आहे.

वहीतून दुसरी गोष्ट कळते ती वेळेची. दिवसभर माणूस लागतोय असं वाटत असतं, पण गर्दी असते सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. दुपारी यंत्र बंदच असतं. मग पूर्ण दिवसाचा माणूस कशाला?

लिज्जत पापडचं नाव सगळ्यांना माहीत आहे. 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. तिथे पापड लाटणाऱ्या बहिणींना महिन्याचा पगार नाही. पीठ घरी न्यायचं, लाटून आणायचं आणि वजनाप्रमाणे मजुरी घ्यायची, अशी पद्धत आहे. शिवाय लाटणारी प्रत्येकजण संस्थेची मालकीणही असते. आपण काही लिज्जत नाही, पण त्यातून घेण्यासारखं हे की काम ज्या मापाने येतं त्याच मापाने मोबदला देता येतो का, हे आधी तपासावं. सरळ महिन्याचा पगार बांधून टाकू नये.

आता पाटीवर हिशोब मांडूया

समजा, कांडपाचा दर किलोला 35 रुपये आहे. त्यातून लाईट बिल, दुरुस्ती, जागेचं भाडं असं किलोमागे 15 रुपये जातात. हातात राहतात 20 रुपये. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील, ते घाला.

माणसाला महिन्याला 12,000 रुपये द्यायचे ठरले. 12,000 भागिले 20, म्हणजे 600 किलो. महिन्याला 600 किलो मिरची कांडली तर फक्त त्याचा पगार सुटतो. गटाला एक रुपया उरत नाही आणि कर्जाचा हप्ता तर अजून बाजूलाच आहे.

एप्रिलमध्ये 1,500 किलो आली तर 30,000 राहतात, पगार जाऊन 18,000. आनंदच आहे. पण जुलैमध्ये पाऊस लागला, बायका भांगलणीला गेल्या आणि महिन्याला 100 किलोच आली, तर हातात 2,000 आणि पगार 12,000. त्या एका महिन्यात 10,000 रुपये खिशातून. असे चार महिने गेले की उन्हाळ्यात कमावलेलं सगळं विरघळलं. आणि एव्हाना त्या माणसाला "आता येऊ नको" म्हणायचं कोणी, यावर गटात रुसवेफुगवे सुरू झालेले असतात.

आता हेच दुसऱ्या रीतीने बघा. किलोला 8 रुपये मजुरी ठरवली. हंगामात दिवसाला 60 किलो निघतात, म्हणजे रोज 480 रुपये पडतात. महिन्यात 25 दिवस काम झालं तर 12,000 होतात. म्हणजे माणसाचं नुकसान नाही. पावसाळ्यात कांडप फक्त बाजाराच्या दिवशी चालू ठेवायचं, तसा लोकांना निरोप द्यायचा. त्या दिवशी 25 किलोच मिरची आली तर त्याला मिळणार 200 रुपये. इथे आपण माणुसकीने एक अट घालायची, की बोलावलं तर निदान अर्धा रोज मिळणारच, म्हणजे 240 रुपये. चार बाजारांचे झाले 960. हातातल्या 2,000 मधून ते वजा करून 1,040 उरतात. गट बुडत नाही, माणूसही उपाशी राहत नाही.

अर्थात किलोवर मजुरी देताना एक बघायलाच हवं. पूर्ण दिवस राबल्यावर त्याच्या हातात पडणारी रक्कम सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी होता कामा नये. हे दर राज्य सरकार ठरवतं, त्यात वेळोवेळी वाढ होते. सहायक कामगार आयुक्त कार्यालयात चालू दर विचारता येतो. आणि बाईला कमी, बाप्याला जास्त, असं एकाच कामाला दोन दर ठेवणं कायद्याला मान्य नाही. आपण बायकांचे गट आहोत, आपल्याकडे तरी हे व्हायला नको. पण होतं. "तो गडी माणूस आहे, त्याला एवढ्यात कसं भागेल" असं म्हणून त्याला शंभर रुपये जास्त दिलेले मी हजेरीच्या वहीत वाचलेत.

"सगळं बघेल असा माणूस"

हे वाक्य बैठकीत आलं की मी लगेच पेन काढते. सगळं म्हणजे काय काय? एकदा एका गटात असं लिहायला घेतलं तर अठरा कामं निघाली. मिरची वजन करून घेणं, चिठ्ठी लावणं, देठ काढणं, भाजणं, यंत्र चालवणं, चाळणं, पुन्हा वजन, पैसे घेणं, वही लिहिणं, पिशव्या पॅक करणं, लेबल लावणं, फोन उचलणं, बाजारात माल पोहोचवणं, झाडलोट... एवढं सगळं नीट करणारा माणूस 12,000 रुपयांत आपल्याकडे कशाला येईल? त्याने स्वतःचं कांडप नसतं का टाकलं?

यादी झाली की तीन रंगांनी खुणा करा. जे काम गटातल्या ताईच करणार त्याला एक खूण. जे कुणालाही दोन दिवसांत शिकवता येईल त्याला दुसरी. ज्याला आधीचं कसब लागतं त्याला तिसरी. भाजणं आणि मसाल्याचं प्रमाण हे मी नेहमी पहिल्या खुणेत टाकायला सांगते. कांदा लसूण मसाल्याची चव ही गटाची कमाई आहे, ती एका नोकराच्या हातात देऊन ठेवू नये. उद्या तो शेजारच्या गावात दुकान टाकेल, त्याला दोष तरी कसा देणार?

पैसे घेणं आणि वही लिहिणं ही दोन कामं एकाच माणसाकडे कधीच नकोत. यात कोणावर अविश्वास नाही. जी पैसे घेते ती पावती फाडेल, जी वही लिहिते ती पावत्या मोजेल, आणि दिवसाच्या शेवटी दोघी मिळून गल्ला जुळवतील. असं असलं की पन्नास रुपये कमी भरले तर त्याच संध्याकाळी कळतं. एकाच हाती असलं की वर्षाने कळतं, आणि तेव्हा चूक कुठली आणि चोरी कुठली हे कोणालाच सांगता येत नाही. खरा माणूसही त्यात बदनाम होतो.

ओळखीतला की बाहेरचा?

गावात राहून ओळखीतला नको म्हणणं शक्य नाही. सगळेच एकमेकांचे कोणीतरी असतात. ओळखीतला माणूस वाईटच, असंही नाही. अडचण येते ती निर्णय घेताना. अध्यक्षताईंच्या सुनेचं नाव निघालं आणि अध्यक्षताई समोरच बसल्या आहेत, तर कोण बोलणार? बाकीच्या गप्प बसतात आणि बाहेर पारावर बोलतात.

म्हणून एक साधा नियम ठरावात लिहून ठेवा. जिच्या घरचं किंवा नात्यातलं नाव आहे ती त्या विषयाला बैठकीतून उठून बाहेर बसेल, निर्णयात मत देणार नाही, आणि पुढे त्या माणसाच्या कामावर देखरेखही करणार नाही. हा नियम नाव निघायच्या आधी करायचा. नाव निघाल्यावर केला तर तो त्या ताईच्या तोंडावर मारल्यासारखा होतो.

चौकशी करताना "माणूस कसा आहे" असं विचारलं की गावात एकच उत्तर मिळतं, "चांगला आहे की." कुणी कुणाचं वाईट आपल्या तोंडाने सांगत नाही. त्याऐवजी तो आधी जिथे कामाला होता तिथे जा आणि नेमकं विचारा. किती महिने होता? काम का सुटलं? सांगून सुटी घ्यायचा की न सांगता? परत आला तर घ्याल का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा किती वेळ थांबतो, तेही बघा.

मुलाखतीवर माझा फारसा भरवसा नाही. कॉलेजात मुलाखतीच्या तंत्रावर आम्हाला एक अख्खा विषय होता, पण कांडपावरच्या कामाला त्याचा उपयोग थोडाच. बोलकी माणसं मुलाखतीत पास होतात, बुजरी मागे राहतात. आपल्यातल्याच किती ताई पहिल्यांदा बँकेत गेल्या तेव्हा स्वतःचं नाव सांगताना अडखळत होत्या, आणि आज मॅनेजरसमोर बसून कर्जाचं बोलतात.

त्यापेक्षा तीन दिवस काम देऊन बघा. फुकट नाही, पूर्ण रोज देऊन. आधीच सांगायचं की हे तीन दिवस बघण्यासाठी आहेत, तुम्हीही आम्हाला बघा. पहिल्या दिवशी शिकवायचं, दुसऱ्या दिवशी सोबत उभं राहायचं, तिसऱ्या दिवशी एकट्याला करू द्यायचं. लक्ष कशाकडे द्यायचं? गिऱ्हाइकासमोर वजन करतो का. प्रत्येकीच्या मिरचीला नावाची चिठ्ठी लावतो का, की दोघींची मिरची एकात मिसळतो. कांडल्यावर थोडी घट येतेच, देठ जातात, ओल उडते, थोडी पूड यंत्रात राहते. गिऱ्हाईक म्हणतं, "माझी मिरची कमी कशी झाली?" तेव्हा हा चिडतो की शांतपणे समजावतो? आणि चूक झाली तर येऊन सांगतो का? माझ्या मते हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. हळू काम करणारा महिन्याभरात जलद होतो. चूक झाकणारा मात्र त्यात तरबेज होत जातो.

हिशोबाला मुलगी घेत असाल तर तिला मागच्या महिन्याच्या दहा पावत्या द्या आणि कोऱ्या कागदावर जमा-खर्च मांडायला सांगा. बी.कॉम.चं सर्टिफिकेट बघण्यापेक्षा त्या कागदावरून जास्त कळतं.

दहा मालकिणी

आता जे लिहिणार आहे ते काहींना लागेल, पण लिहायला हवं. चांगली माणसं गट सोडून का जातात, याचं मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण पगार नाही. कारण हे की एका माणसाला दहा मालकिणी असतात.

सकाळी एक ताई येते आणि सांगते, आधी ऑर्डरचं पॅकिंग कर. तासाने दुसरी येते, पॅकिंग कसलं करतेस, माझ्या नणंदेची मिरची आधी काढ. तिसरी जाता जाता म्हणते, जरा माझ्या घरून डबा घेऊन ये गं. संध्याकाळी चौथी विचारते, ऑर्डर का राहिली? ती पोरगी कोणाचं ऐकणार? महिन्याभरात तिच्या लक्षात येतं की काहीही केलं तरी बोलणी बसणारच. मग ती एक तर येणं बंद करते, नाहीतर जी ताई सगळ्यात मोठ्याने बोलते तिचंच ऐकते. दोन्हींत नुकसान गटाचं.

उपाय अवघड नाही. दर महिन्याला एका ताईचं नाव ठरवा. त्या महिन्यात कामगाराला सूचना फक्त तीच देईल. बाकीच्यांनी काही सांगायचं असेल तर तिला सांगायचं. भिंतीवर कागद लावा, या महिन्याच्या देखरेख ताई अमुक. गटाचं काम सोडून कोणाच्या घरचं काम सांगायचं नाही, हेही त्याच कागदावर. हे पाळायला पहिले दोन महिने जड जातं, विशेषतः ज्येष्ठ मावश्यांना. पण आपणच आठवून बघा. आपल्यापैकी बऱ्याचजणी दुसऱ्याच्या बांधावर रोजाने गेल्यात, काही अजून जातात. मालक एक सांगतो, मालकीण दुसरं सांगते, आणि आठवड्याचा पगार मागायला दोनदा दारात उभं राहावं लागतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पगाराची तारीख म्हणूनच ठरलेली हवी. "पैसे आले की देऊ" हे उत्तर नको. गटाच्या खात्यात एका महिन्याचा पगार बाजूला असल्याशिवाय माणूस ठेवूच नये, असं मी सांगते. उचल मागितली तर? नाही म्हणता येत नाही, लग्न असतं, दवाखाना असतो. पण मर्यादा ठेवा, पंधरा दिवसांच्या मजुरीपेक्षा जास्त उचल नाही आणि ती किती हप्त्यांत फिटेल ते सहीसकट लिहून. मोठी उचल दिली की काम नीट नसलं तरी आपण माणूस काढू शकत नाही, आणि त्याला जायचं असलं तरी जाता येत नाही. दोघंही अडकतात.

मोबाईल, क्यूआर कोड आणि यंत्राचा पट्टा

हल्ली ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, म्हणून कॉलेजला जाणारा एखादा मुलगा किंवा मुलगी ठेवतात. चांगलंच आहे. पण सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे? तो स्वतःच्या नंबरवरून ऑर्डरी घेत असेल तर तो गेला त्या दिवशी तुमची सगळी गिऱ्हाइकं त्याच्या खिशात गेली. गटासाठी वेगळं सिम घ्या, पदाधिकारी ताईच्या नावावर, आणि फोन संध्याकाळी दुकानातच राहील असं ठेवा.

क्यूआर कोडचंही तसंच. "ताई, बँकेत जायला वेळ लागेल, तोवर माझा लावतो" असं म्हणून कोणी स्वतःचा कोड लावत असेल तर तो आजच काढा. पैसे गटाच्याच खात्यात आले पाहिजेत. कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवणं, ओटीपी सांगणं, हे कितीही विश्वासू माणूस असला तरी नाही.

यंत्रावर काम करणाऱ्याचं वय अठराच्या खाली नको. चौदा वर्षांच्या आतल्या मुलांना तर कामाला लावणं हा गुन्हाच आहे, सुटीत आलेला भाचा असला तरी. पट्ट्यावर जाळी हवी, पदर खोचलेला, केस बांधलेले, तोंडाला फडकं किंवा मास्क. कामावर इजा झाली तर जबाबदारी गटाच्या अंगावर येऊ शकते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला फक्त 20 रुपये आहे, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण आहे, 18 ते 70 वयाच्या कोणालाही बँकेतून निघतो. कामगाराचा तो पहिल्याच आठवड्यात काढून द्या. खाद्यपदार्थात हात असणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही करून घ्या, कागद फाईलला ठेवा.

कामाच्या जागी बाईला कोणी त्रास दिला, मग तो गिऱ्हाईक असो, टेम्पोवाला असो की आपल्याच सदस्याचा नवरा, तर तक्रारीची सोय आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे कामावर येणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशीच सांगा.

नाही जमलं तर

काढायची वेळ आली तर आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा, आपण शिकवलं होतं का? न शिकवलेल्या कामासाठी माणूस काढणं बरोबर नाही. शिकवलं, दोनदा सांगितलं, तारीख घालून वहीत लिहिलं, तरी बदल नाही, तर मग लांबवू नका. गटाचा ठराव करा. दोन ताईंनी बसून शांतपणे सांगायचं. त्याच दिवशी राहिलेली सगळी मजुरी द्यायची, सही घ्यायची, किल्ल्या आणि फोन परत घ्यायचा. कारण एकच सांगायचं आणि ते कामाबद्दल असावं. त्याच्या घराण्याबद्दल, चारित्र्याबद्दल नळावर चर्चा नको. उद्या त्याच गल्लीतून जायचं आहे, त्याची आईही कदाचित शेजारच्या गटात असेल.

खाली चिठ्ठीचा नमुना देते. वकील लागत नाही, साध्या कागदावर दोन प्रती करायच्या, एक कामगाराला, एक गटाच्या फाईलला. ज्याला वाचता येत नाही त्याला मोठ्याने वाचून दाखवायची.

"आमच्या गटाने दिनांक ____ च्या बैठकीत ठराव क्र. ____ नुसार श्री./श्रीमती ____ यांना मिरची कांडपाच्या कामासाठी दिनांक ____ पासून ____ पर्यंत ठेवले आहे. काम : वजन करून घेणे, चिठ्ठी लावणे, यंत्र चालवणे, चाळणे, यंत्राची स्वच्छता. वेळ : सकाळी ____ ते ____, संध्याकाळी ____ ते ____. मजुरी : किलोला ____ रुपये, बोलावलेल्या दिवशी किमान अर्धा रोज. मजुरी दर महिन्याच्या ____ तारखेला दिली जाईल. सुटी : ____. सूचना त्या महिन्याच्या देखरेख ताईच देतील. उचल जास्तीत जास्त ____ रुपये. काम थांबवायचे असल्यास दोन्ही बाजूंनी ____ दिवस आधी सांगणे. सह्या : कामगार, अध्यक्ष, सचिव."

रिकाम्या जागा बैठकीत सगळ्यांसमोर भरा. यंदा ज्या गटांना माणूस ठेवायचा आहे त्यांनी पंधरा दिवसांची वही घेऊन पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला यावं, हिशोब तिथेच मांडूया. येताना मागच्या वर्षीची लाईट बिलंही आणा, किलोमागचा खर्च त्याशिवाय निघत नाही.